सामान्य जीवनाचे छायाचित्र आणि इतिहासलेखन : अमेरिकेतील दोन संग्रहांचा अभ्यास

प्रस्तावना

राजकीय इतिहासाची साधने विपुल असतात. करारनामे, कायदे, पत्रव्यवहार, सभागृहांतील भाषणे यांची जपणूक करणाऱ्या संस्थाही असतात. परंतु एखाद्या लहान गावातील माणसे शनिवारी दुपारी कोठे जमत, सणाच्या पंगतीला काय वाढले जाई, शाळेच्या स्नेहसंमेलनात मुले कोणते कपडे घालून येत, याची लेखी नोंद क्वचितच आढळते. ही उणीव विसाव्या शतकात काही अंशी छायाचित्रांनी भरून काढली. अमेरिकेत अशा साध्या वस्तू, स्थळे व प्रसंग यांसाठी ‘अमेरिकाना’ ही संज्ञा रूढ आहे. रस्त्याकडेचे खानावळीचे फलक, पेट्रोल पंप, गावजत्रा, चर्चमधील सहभोजन, स्थानिक मिरवणुका हे सर्व तीत येते.

प्रस्तुत लेखात या प्रकारच्या छायाचित्रणाच्या दोन संग्रहांचा विचार केला आहे. पहिला संग्रह केंद्र शासनाने देशभर पाठविलेल्या छायाचित्रकारांनी तयार केला. दुसरा एकाच शहरात आयुष्य घालविलेल्या छायाचित्रकाराने. दैनंदिन जीवनाचे छायाचित्र हे वास्तवाचे सरळ प्रतिबिंब आहे, असा समज अभ्यासकांमध्येही आढळतो. छायाचित्रकाराला कोणी व कशासाठी पाठविले, काय वगळले गेले आणि चित्रओळ कोणी लिहिली, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय अशा छायाचित्राला ऐतिहासिक साधनाचा दर्जा देता येणार नाही, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

शासकीय प्रकल्पाची पार्श्वभूमी

१९२९ नंतरची महामंदी आणि तिच्या जोडीला आलेली धुळीची वादळे यांमुळे अमेरिकेतील शेतकरी उद्ध्वस्त झाला. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या ‘न्यू डील’ धोरणांतर्गत १९३५ मध्ये पुनर्वसन प्रशासनाची स्थापना झाली. त्याचे प्रमुख रेक्सफर्ड टगवेल यांनी आपले कोलंबिया विद्यापीठातील सहकारी रॉय स्ट्रायकर यांच्याकडे ‘ऐतिहासिक विभाग’ सोपविला. १९३७ मध्ये या प्रशासनाचे रूपांतर शेती सुरक्षा प्रशासनात झाले. १९४२ मध्ये विभाग युद्ध माहिती कार्यालयाकडे गेला. वॉकर इव्हान्स, डोरोथिया लँग, आर्थर रोथस्टाइन, रसेल ली, मॅरियन पोस्ट वॉलकॉट, जॅक डेलानो, जॉन व्हॅचन व गॉर्डन पार्क्स यांसारख्या छायाचित्रकारांनी या विभागासाठी काम केले. सुमारे १,७५,००० कृष्णधवल निगेटिव्हचा हा संग्रह आज वॉशिंग्टन येथील लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे.

विभागाचा मूळ हेतू प्रचाराचा होता. ग्रामीण दैन्य शहरी करदात्यांना दाखवावे आणि शासकीय मदतीला लोकमताचा पाठिंबा मिळवावा, ही त्यामागील गरज होती. तथापि १९३६ मध्ये ‘मिडलटाउन’ या १९२९ सालच्या ग्रंथाचे एक लेखक, समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट लिंड यांच्याशी स्ट्रायकर यांची चर्चा झाली. तिच्यातून लहान गावांच्या छायाचित्रणाची एक विषयसूची तयार झाली. लोक संध्याकाळी घरी काय करतात, कोठे भेटतात, चर्चला जाताना कसे दिसतात, अशा स्वरूपाचे प्रश्न तिच्यात होते. शासकीय कचेरीतून निघालेली ही सूची वस्तुतः सामाजिक इतिहासाची प्रश्नावली होती, असे म्हणता येईल.

पाय टाउन : एका गावाची नोंद

या पद्धतीचे उत्तम उदाहरण म्हणजे रसेल ली यांनी १९४० मध्ये न्यू मेक्सिको राज्यातील ‘पाय टाउन’ या गावी केलेले काम होय. फळांचे सारण भरून भाजलेल्या ‘पाय’ या पदार्थाच्या विक्रीवरून गावाला हे नाव पडले. टेक्सास व ओक्लाहोमा येथून आलेली अनेक शेतकरी कुटुंबे तेथे नव्याने वसली होती. ली यांनी तेथे सुमारे ६०० छायाचित्रे घेतली. ओंडक्यांची, अर्धी जमिनीत खणलेली घरे, फडताळांवर मांडलेल्या साठवणीच्या बरण्या, सामुदायिक गायन, गावकऱ्यांचे नृत्य, एकत्र जेवण असे विषय त्यांत आहेत. घरांच्या अंधाऱ्या अंतर्भागात ली फ्लॅशचा वापर करीत. त्यामुळे भिंतीवर चिकटविलेल्या कागदापासून टेबलावरील भांड्यापर्यंतचा तपशील स्पष्ट उमटला. भौतिक संस्कृतीच्या अभ्यासकाला हा तपशील अमोल आहे.

परंतु हीच छायाचित्रे दुसऱ्या बाजूनेही वाचावी लागतात. १९४० पर्यंत युरोपात युद्ध सुरू झाले होते. स्ट्रायकर आता दैन्यापेक्षा समाधानी, स्वावलंबी अमेरिकेच्या चित्रांची अधिकाधिक मागणी करू लागले होते. आपल्या देशावर विश्वास असल्याचे ज्यांच्या चेहऱ्यावर दिसेल अशा स्त्री-पुरुषांची छायाचित्रे हवीत, असे त्यांनी १९४२ मध्ये छायाचित्रकारांना कळविले. पाय टाउनमधील सहभोजन खरेच घडले होते. मात्र ते महत्त्वाचे वाटले, यामागे त्या काळाची राष्ट्रीय गरजही होती.

वगळलेले आणि नाकारलेले

संग्रहाच्या मर्यादा तीन पातळ्यांवर दिसतात. पहिली निवडीची. नापसंत निगेटिव्हला छिद्र पाडून ते निकामी करण्याची पद्धत स्ट्रायकर यांनी १९३० च्या दशकात अवलंबिली होती. अशी छिद्रे पडलेली निगेटिव्ह आजही संग्रहात आहेत. एखाद्या शेतकऱ्याच्या चेहऱ्याच्या जागी काळे वर्तुळ दिसते, तेव्हा संग्रह म्हणजे निवड, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

दुसरी मर्यादा वर्णभेदाची. खंडाने शेती करणाऱ्या कुळांची छायाचित्रे घेताना दोन्ही वर्णांची घ्यावीत, पण भर गोऱ्यांवर ठेवावा, कारण त्यांचा वापर अधिक होतो, अशी सूचना स्ट्रायकर यांनी १९३७ मध्ये लँग यांना दिली. ही वैयक्तिक द्वेषापेक्षा बाजारपेठेच्या अंदाजातून आलेली सूचना असावी. परिणाम मात्र संग्रहावर झालाच. याला अपवादही आहेत. मॅरियन पोस्ट वॉलकॉट यांनी १९३९ मध्ये मिसिसिपी राज्यातील बेल्झोनी येथे चित्रपटगृहाच्या बाहेरील जिन्याने कृष्णवर्णीयांसाठीच्या प्रवेशद्वाराकडे जाणारा माणूस टिपला. शनिवार दुपारची ही अगदी सामान्य घटना होती. त्या समाजात वर्णभेद नित्याचा झाला होता, हे तिच्या या सामान्यपणातूनच कळते. १९४२ मध्ये गॉर्डन पार्क्स यांनी शासकीय इमारतीत साफसफाई करणाऱ्या एला वॉटसन यांना राष्ट्रध्वजासमोर झाडू व पोतेरे घेऊन उभे केले. पुढे त्यांचे घर, चर्च व शेजार यांचीही छायाचित्रे घेतली.

तिसरी मर्यादा नावाची. १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातील निपोमो येथे लँग यांनी घेतलेले ‘मायग्रंट मदर’ हे छायाचित्र जगप्रसिद्ध झाले. त्याच्या चित्रओळीत स्थळ, व्यवसाय, वय व मुलांची संख्या होती, परंतु नाव नव्हते. ती स्त्री फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन होय, हे ४२ वर्षांनी, १९७८ मध्ये उघड झाले. त्या मूळच्या चेरोकी या आदिवासी समाजातील होत्या, हेही नंतर कळले. तोपर्यंत ते चित्र गोऱ्या निर्वासित शेतकरी मातेचे प्रतीक म्हणूनच वाचले गेले होते.

वस्तीतील छायाचित्रकार : टीनी हॅरिस

या पार्श्वभूमीवर चार्ल्स ‘टीनी’ हॅरिस (१९०८–१९९८) यांचे कार्य उद्बोधक ठरते. पेनसिल्व्हेनियातील पिट्सबर्ग शहरात ‘पिट्सबर्ग कुरिअर’ हे कृष्णवर्णीय समाजाचे साप्ताहिक निघत असे. हॅरिस यांनी १९३६ च्या सुमारास त्यासाठी काम सुरू केले आणि १९७० च्या दशकापर्यंत ते चालू ठेवले. हिल डिस्ट्रिक्ट या वस्तीत त्यांनी स्वतःचा स्टुडिओही चालविला. विवाह, बाप्तिस्मा, बेसबॉलचे सामने, सौंदर्यस्पर्धा, जॅझ वादकांच्या मैफली, दुकानांची उद्घाटने, अपघात व निदर्शने असे सर्व काही त्यांनी टिपले. एकाच प्रयत्नात छायाचित्र घेण्याच्या सवयीमुळे त्यांना ‘वन शॉट’ हे टोपणनाव मिळाले.

शासकीय छायाचित्रकार काही दिवसांसाठी येत आणि पुढील गावी जात. हॅरिस मात्र ज्यांची छायाचित्रे घेत त्यांच्याच शेजारी राहत. म्हणून त्यांच्या चित्रांत कृष्णवर्णीय माणूस केवळ दैन्याचा वा अन्यायाचा नमुना म्हणून येत नाही. तो वरपिता, दुकानदार, खेळाडू, मतदार म्हणून येतो. १९५६ पासून नागरी पुनर्विकासाच्या नावाखाली हिल डिस्ट्रिक्टचा खालचा भाग पाडण्यात आला. सुमारे ८,००० रहिवासी विस्थापित झाले. ज्या रस्त्यांवरचे वाढदिवस आणि मिरवणुका हॅरिस यांनी टिपल्या होत्या, ते रस्तेच उरले नाहीत. नेहमीच्या बातमीसाठी घेतलेले छायाचित्र अशा रीतीने एका नष्ट झालेल्या वस्तीचा पुरावा ठरले.

२००१ मध्ये कार्नेगी म्युझियम ऑफ आर्ट या संग्रहालयाने हॅरिस यांचा सुमारे ८०,००० निगेटिव्हचा संग्रह मिळविला. बहुतेक निगेटिव्हसोबत व्यक्ती वा प्रसंगाची नोंद नव्हती. तेव्हा संग्रहालयाने पिट्सबर्गमधील वृद्ध नागरिकांनाच ओळख पटविण्याचे आवाहन केले. छायाचित्रातील मुलांनी वार्धक्यात स्वतःला ओळखले, शेजाऱ्यांची नावे सांगितली. येथे चित्रओळ समाजाने लिहिली.

समारोप

दोन्ही संग्रहांची तुलना केली असता एक विरोधाभास समोर येतो. शासकीय संग्रहात स्थळ व काळाची नोंद काटेकोर आहे, पण माणसे पुष्कळदा निनावी आहेत. हॅरिस यांच्या संग्रहात नोंद जवळपास नव्हती, तरी माणसांना नावे परत मिळू शकली, कारण त्यांना ओळखणारे हयात होते. मात्र अशी माहिती फार काळ उपलब्ध राहत नाही. ओळखणारी पिढी गेली की सामान्य माणसाचे छायाचित्र केवळ जुन्या वेशभूषेचा नमुना म्हणून उरते.

इतिहासाच्या अध्यापकांनी या अनुभवाकडे पद्धतिशास्त्राच्या दृष्टीने पाहिले पाहिजे. स्थानिक इतिहासाच्या प्रकल्पात विद्यार्थी जुनी छायाचित्रे गोळा करून आणतात आणि ती जशीच्या तशी वहीत चिकटवितात. त्याऐवजी प्रत्येक छायाचित्रामागे ते कोणी, कोणासाठी, कधी घेतले, चित्रात कोण आहे आणि कोण असायला हवे होते पण नाही, याची नोंद घरातील वडीलधाऱ्यांना विचारून करावयास लावली, तर त्यातून साधन निर्माण होईल. हे काम पुढच्या पिढीवर सोपविता येण्याजोगे नाही, कारण तोवर उत्तर देणारे उरलेले नसतील.