केळीचा खुंट आणि आजोबांचं बोट

परवा शेजारच्या वाडीत वाऱ्याने मोडलेली एक कोवळी केळ कापली. संध्याकाळी पाहतो तर खुंटाच्या मधोमध नवं पान बोटभर वर आलेलं! आणि मला १९८२ सालचा एक तास आठवला.

मी मराठीचा बीए. त्या वर्षी विज्ञानाचे सर आजारी, म्हणून 'ऊती' हा धडा माझ्या गळ्यात पडला. फळ्यावर दोन रकाने आखले, वनस्पती आणि प्राणी. मागच्या बाकावरून एक मुलगा उठला, "सर, केळीला पुन्हा कोंब येतो, मग आमच्या आजोबांचं तुटलेलं बोट का नाही आलं?" वर्ग हसला. "हे परीक्षेत येत नाही" म्हणून मी त्याला खाली बसवलं.

मंडळी, निवृत्तीनंतर उत्तर शोधत बसलो. पॅरिसच्या बिशाने १८०१ साली सूक्ष्मदर्शक न वापरता, नुसती प्रेतं चिरून माणसाच्या शरीरातल्या २१ ऊती मोजल्या. पुढे श्लायडेनने १८३८ मध्ये वनस्पती आणि श्वानने १८३९ मध्ये प्राणी पेशींचेच बनलेले असतात असं मांडलं. म्हणजे वीट दोघांची एकच, बांधकाम वेगळं.

वनस्पतीची पेशी भित्तिकेत बंदिस्त. जागा सोडून पळता येत नाही. म्हणून वाढीची विभाजी ऊती ती जन्मभर राखून ठेवते. केळीची तर जमिनीतल्या गड्ड्यात असते, कोयता तिथवर पोचतच नाही. वर दिसतो तो खुंट म्हणजे पानांची गुंडाळी! आपल्याकडे अशी राखीव ऊती नाही. जखम भरते, पण हाड, स्नायू, चेता मिळून नवं बोट घडत नाही.

एका पेशीतून अख्खं झाड व्हावं, असं हाबरलांट १९०२ मध्ये म्हणाला होता. त्याला ते जमलं नाही. १९५८ मध्ये स्टुअर्डने गाजराच्या पेशींवर करून दाखवलं. आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत नाडगौडा, पराशरामी, मस्करेन्हस यांनी तर ऊतीसंवर्धनातल्या बांबूला काचेच्या नळीतच फुलं आणली, १९९० साली. एरवी त्यासाठी कित्येक दशकं थांबावं लागतं.

आणि १९९६ची डॉली मेंढी? प्रौढ पेशीच्या केंद्रकातही सगळा आराखडा शाबूत असतो हे तिने दाखवलं. म्हणजे आजोबांच्या हातातही बोटाचा आराखडा होताच, तो पुन्हा उलगडणारी ऊती नव्हती.

असो. तो मुलगा आता साठीकडे झुकला असेल. बाळा, प्रश्न बरोबर होता. चुकलं ते माझं.