ध्वनिमुद्रणातील निवडीचा इतिहास : तबकडीपासून ऑडिओ इंटरफेसपर्यंत (रत्नागिरी जिल्ह्यातील लोककलांच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :

घरातील एखाद्या खोलीत ध्वनिमुद्रणाची व्यवस्था उभी करावयाची झाल्यास मायक्रोफोन आणि संगणक यांच्यामध्ये एका लहानशा यंत्राची आवश्यकता असते. त्यास ऑडिओ इंटरफेस असे म्हणतात. मायक्रोफोनकडून येणारा क्षीण विद्युत्-संकेत वाढविणे, त्याचे अंकांत रूपांतर करून तो संगणकाकडे पाठविणे आणि मुद्रित ध्वनी पुन्हा ऐकविणे ही तीन कामे हे यंत्र करते. त्याची निवड सामान्यतः किंमत आणि जाहिरातीतील आकडे यांच्या आधारे केली जाते. तथापि ध्वनिमुद्रणाच्या इतिहासाकडे पाहिले असता असे दिसते की, ध्वनी आणि त्याची नोंद यांमधील दुव्याने प्रत्येक कालखंडात काय टिकेल आणि काय नष्ट होईल हे ठरविले आहे. नमन-खेळे, जाखडी आणि जात्यावरील ओवी यांची मौखिक परंपरा असलेल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही. प्रस्तुत लेखात या दुव्याच्या इतिहासाचा आढावा घेऊन आजच्या निवडीचे निकष मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

१. कर्ण्याचा काळ आणि तीन मिनिटांची मर्यादा :

एडिसनने १८७७ मध्ये फोनोग्राफ सिद्ध केला. त्यानंतर दहा वर्षांनी बर्लिनरने सपाट तबकडीवरील ग्रामोफोनचे एकस्व मिळविले. १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीच्या वतीने फ्रेड गायसबर्ग कलकत्त्यास आला व तेथे गौहर जान यांच्या गायनाचे मुद्रण झाले. गायकाने कर्ण्यात तोंड घालून मोठ्याने गावे, त्या कंपनाने सुई हलावी आणि मेणाच्या तबकडीवर रेघ उमटावी, अशी ही पद्धती होती. तीत विजेचा संबंध नव्हता. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचे गायन मावत असे. तासभर चालणारा ख्याल अशा रीतीने तीन मिनिटांत बसवावा लागला.

या काळातील तबकड्यांच्या शेवटी कलावंत स्वतःचे नाव उच्चारताना ऐकू येतो. तबकड्यांचे उत्पादन जर्मनीतील हॅनोव्हर येथे होत असल्याने तेथील कामगारांना गायकाची ओळख पटावी, हा त्यामागील हेतू असल्याचे सांगितले जाते. कलकत्त्यातील सियालदह येथे १९०८ मध्ये कारखाना सुरू झाल्यावर भारतातच तबकड्या निघू लागल्या. नावाची ही घोषणा आज गमतीची वाटत असली तरी तिचे संशोधनमूल्य मोठे आहे. ज्या मुद्रणासोबत नाव, स्थळ व काळ यांची नोंद नाही, ते पुढील अभ्यासकास फारसे उपयोगी पडत नाही.

या माध्यमाकडे पाठ फिरविणारे कलावंतही होते. जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँ यांचे १९४६ मध्ये निधन झाले. परंतु त्यांनी ध्वनिमुद्रण होऊ दिले नाही. १९२२ मध्ये निवर्तलेल्या भास्करबुवा बखले यांचा आवाजही आज उपलब्ध नाही. त्यांच्या गायकीविषयी जे ज्ञात आहे ते शिष्यांच्या गळ्यातून आणि समकालीनांच्या लेखनातून. ज्यांचे शिष्य व चरित्रकार नव्हते अशा खेड्यातील गायकांच्या बाबतीत तेवढाही आधार राहिला नाही.

२. बोलींची नोंद आणि यंत्राची श्रवणशक्ती :

ग्रियर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कोकणातील संगमेश्वरी, बाणकोटी, चित्पावनी इत्यादी बोलींचे नमुने आहेत. मात्र ते अक्षरबद्ध आहेत. पुढे १९१३ ते १९२९ या काळात सर्वेक्षणासाठी ग्रामोफोनवर भारतीय भाषांचे व बोलींचे नमुने मुद्रित करण्यात आले. प्रत्यक्ष उच्चार जतन करण्याचा हा देशातील पहिला मोठा प्रयत्न होय.

परंतु कर्ण्याच्या यंत्राची श्रवणशक्ती मर्यादित होती. सुमारे २५०० हर्ट्झच्या वरील बहुतांश ध्वनी त्यात उमटत नसे. मराठीतील ‘स’ आणि ‘श’ यांतील भेद, तसेच ‘चारा’मधील दंत्य आणि ‘चार’मधील तालव्य ‘च’ यांतील भेद बव्हंशी याहून वरच्या पट्ट्यातील घर्षणध्वनीवर अवलंबून असतो. म्हणजेच बोलीभाषेच्या अभ्यासकास जे नेमके हवे होते ते यंत्राच्या कक्षेबाहेर राहत होते. १९२५ च्या सुमारास मायक्रोफोन व विवर्धक यांवर आधारलेले विद्युत् ध्वनिमुद्रण आले, तेव्हा ही कक्षा सुमारे दुपटीने वाढली. मंद आवाजात गाणेही त्यामुळे शक्य झाले. गायनशैलीत पुढे जी नाजूकता आली तिला मायक्रोफोनची साथ होती.

३. संस्थेची निवड : आकाशवाणी :

स्वातंत्र्योत्तर काळात चुंबकीय फितीमुळे दीर्घ मुद्रण व संकलन सुलभ झाले. तथापि ही साधने महाग असल्याने ती प्रामुख्याने कंपन्या, चित्रपटसंस्था व आकाशवाणी यांच्याकडेच होती. साधन ज्याच्या हाती, निवडही त्याच्याच हाती, हे स्वाभाविक होते. आकाशवाणीने १९४० ते १९७१ या काळात हार्मोनियमला प्रक्षेपणातून वगळले होते, हे त्याचे ठळक उदाहरण होय. नाट्यसंगीत, भजन आणि कीर्तन यांत पेटी रुळलेली असलेल्या महाराष्ट्रात हा निर्णय किती दूरगामी ठरला असेल याची कल्पना करता येते.

१९७७ मध्ये रत्नागिरी येथे आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले आणि ध्वनिमुद्रणाची दर्जेदार साधने जिल्ह्याच्या ठिकाणी आली. येथील कलावंतांच्या दृष्टीने ही घटना महत्त्वाची होती. परंतु अंगणात किंवा मांडावर रात्रभर रंगणारी कला स्टुडिओच्या बंद खोलीत आणि कार्यक्रमाच्या ठरावीक मिनिटांत बसविताना तिचे रूप बदलणे अपरिहार्य होते. नमनातील गण, गवळण, संकासुर आणि वगनाट्य यांचा क्रम हा त्या कलेचा प्राण आहे. त्यातील एखादे पद सुटे करून मुद्रित केल्यास पद टिकते, पण प्रयोगाची बांधणी हरवते.

४. कॅसेटचा प्रसार :

फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये कॉम्पॅक्ट कॅसेट बाजारात आणली. भारतात तिचा खरा प्रसार १९८० नंतर झाला. पीटर मॅन्युएल या अभ्यासकाने १९९३ मधील आपल्या ग्रंथात उत्तर भारतातील या स्थित्यंतराचे सविस्तर विवेचन केले आहे. मोजक्या कंपन्यांची मक्तेदारी मोडून प्रादेशिक व लोकसंगीताला बाजारपेठ मिळाली, हे त्याचे प्रतिपादन महाराष्ट्रासही लागू पडते. कोकणातील जाखडी व शक्ती-तुरा यांना मुंबईतील चाकरमान्यांमध्ये श्रोतृवर्ग होताच. कॅसेटने तो घराघरांत पोहोचविला. तीन मिनिटांची अटही तीस मिनिटांच्या बाजूमुळे सैल झाली.

कॅसेटची फीत जेमतेम ३.८१ मिलिमीटर रुंदीची व तिची गती सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. त्यामुळे फितीची खरखर हा तिचा स्थायी दोष राहिला. शिवाय तीन हजार मिलिमीटरहून अधिक वार्षिक पाऊस असणाऱ्या रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात दमट हवेने फितींना बुरशी लागते. घरोघरी पेटीत पडून असलेल्या कॅसेटमध्ये आज हयात नसलेल्या अनेक बुवांचे, शाहिरांचे आणि मृदंगवादकांचे आवाज असण्याचा संभव आहे. त्यांचे वेळीच अंकीकरण न झाल्यास हे साधन आणखी काही पावसाळ्यांत निकामी होईल.

महाराष्ट्रात पद्धतशीर संकलनाची उदाहरणेही याच काळात घडली. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज या संस्थेचे लोकसंगीतविषयक अभिलेखागार १९८२ मध्ये प्रथम पुण्यातच स्थापन झाले. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरील एक लाखाहून अधिक ओव्यांचे संकलन उभे केले. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या सहकार्याने त्यांतील काही ओव्या मुद्रित झाल्या, आणि २०१७ पासून त्या टप्प्याटप्प्याने अभ्यासकांना खुल्या झाल्या. गायिकेचे नाव, गाव आणि ओवीचा विषय यांची नोंद प्रारंभापासून ठेवली गेल्यामुळेच हा संग्रह वीस वर्षांनंतरही वापरता आला.

५. निवड घरात येते : ऑडिओ इंटरफेस :

टॅस्कॅम कंपनीच्या १९७९ मधील पोर्टास्टुडिओने साध्या कॅसेटवर चार स्वतंत्र पट्टे मुद्रित करण्याची सोय दिली. घरगुती स्टुडिओची कल्पना तेथून रुजली. १९८२ मध्ये कॉम्पॅक्ट डिस्क आली आणि सेकंदाला ४४,१०० नमुने व प्रत्येक नमुन्यास १६ बिट हे प्रमाण रूढ झाले. १९९० च्या दशकात संगणक स्वस्त झाले. परंतु संगणकाच्या पेटीतील साउंड कार्डमध्ये आतील विद्युत्-गोंगाट मिसळत असे. १९९६ मध्ये यूएसबी जोडणी आली, तेव्हा हे कार्य पेटीबाहेरील स्वतंत्र यंत्राकडे सोपविणे सोपे झाले. अशा रीतीने पूर्वी कलकत्ता वा मुंबई येथील अधिकारी घेत असलेले निर्णय आता रत्नागिरीतील एखाद्या घरात किंवा महाविद्यालयाच्या खोलीत घेतले जाऊ लागले.

हे निर्णय घेताना पुढील बाबींचा विचार आवश्यक ठरतो.

(अ) प्रवेशमार्गांची संख्या : ती कलाप्रकारावरून ठरवावी. जात्यावर गाणाऱ्या एका स्त्रीसाठी दोन मार्ग पुरेसे आहेत. एक गळ्यासाठी व दुसरा जात्याच्या घरघरीसह भोवतालच्या ध्वनीसाठी. जाखडीत बुवा, ढोलकी व झांज मध्यभागी बसतात आणि घुंगरू बांधलेले नर्तक त्यांच्याभोवती फेर धरतात. येथे किमान चार मार्ग हवेत. दोन मृदंग, टाळ, मुख्य गायक आणि मागे झील धरणारे अशा नमनाच्या संचास आठ मार्ग उपयुक्त ठरतात. सर्व आवाज एकाच मायक्रोफोनवर घेतल्यास झांजेखाली शब्द दबून जातात व ते पुढे वेगळे काढणे कठीण असते.

(आ) पूर्वविवर्धकाची शुद्धता : डायनॅमिक मायक्रोफोनचा संकेत अत्यंत क्षीण असतो. वयोवृद्ध गायिकेचा मंद आवाज घेताना सुमारे ६० डेसिबलपर्यंत विवर्धन लागू शकते. तेवढ्या विवर्धनात यंत्राचा स्वतःचा गोंगाट किती वाढतो, हे खरेदीपूर्वी प्रत्यक्ष ऐकून पाहावे. कंडेन्सर मायक्रोफोनसाठी ४८ व्होल्टचा पुरवठा यंत्रात असावा.

(इ) नमुनादर व बिट : ध्वनी-अभिलेखागारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने ४८,००० नमुने व २४ बिट हे जतनासाठी किमान प्रमाण सुचविले आहे. या प्रमाणाने एक तासाच्या द्विमार्गी मुद्रणास सुमारे एक गिगाबाइट जागा लागते. आजच्या साठवण-साधनांच्या तुलनेत ही जागा अल्प आहे. १९२,००० नमुन्यांच्या जाहिरातीस भुलण्याचे कारण नाही. २४ बिटचा खरा लाभ असा की, मुद्रणपातळी थोडी खाली ठेवता येते आणि ढोलकीची अनपेक्षित थाप आवाज फाडत नाही.

(ई) विलंब : आपलाच आवाज कानावर उशिरा आल्यास गायकाचा ताल सुटतो. २५६ नमुन्यांचा साठा व ४८,००० चा दर असता एका दिशेने सुमारे पाच मिलिसेकंदांचा विलंब होतो व तो सह्य असतो. संगणकात न जाता थेट ऐकण्याची सोय असलेले यंत्र निवडल्यास हा प्रश्न उरत नाही.

(उ) जोडणीचे आयुष्य : २००० च्या दशकात फायरवायर जोडणीची उत्तम यंत्रे विकली गेली. पुढे संगणकांतून ती जोडणीच नाहीशी झाली व सुस्थितीतील यंत्रे पडून राहिली. म्हणून विशिष्ट कंपनीच्या सॉफ्टवेअरवर अवलंबून नसणारे, सर्वमान्य यूएसबी प्रमाणानुसार चालणारे यंत्र श्रेयस्कर होय.

(ऊ) वीज : यूएसबीवरच चालणारे यंत्र आणि बॅटरीवरील लॅपटॉप असल्यास वीज गेली तरी मुद्रण थांबत नाही. शिवाय सदोष अर्थिंगमुळे येणारी ५० हर्ट्झची घुमघुम टळते. शिमग्यात मांडावर किंवा गणेशोत्सवात वाडीवर जाऊन काम करावयाचे असल्यास ही बाब विशेष महत्त्वाची आहे.

निष्कर्ष :

१. ध्वनिमुद्रणाचे साधन तटस्थ नसते. कर्णा, स्टुडिओ आणि कॅसेट यांपैकी प्रत्येकाने कलेचा काही अंश टिकविला व काही अंश वगळला.

२. हा अधिकार कंपनीकडून शासकीय संस्थेकडे, तेथून कॅसेट-व्यावसायिकाकडे आणि आता व्यक्तीकडे आला आहे. अधिकारासोबत नोंदीची जबाबदारीही व्यक्तीकडे आली आहे. तबकडीच्या शेवटी नाव उच्चारण्याची जुनी रीत आज प्रत्येक मुद्रणाच्या प्रारंभी कलावंत, गाव व दिनांक सांगून पाळता येईल.

३. ऑडिओ इंटरफेसची निवड मुद्रित करावयाच्या कलेच्या रचनेवरून व्हावी. यंत्र घेऊन मग कला त्यात बसविणे म्हणजे तीन मिनिटांच्या तबकडीचीच पुनरावृत्ती होय.

४. कॉपीराइट कायद्यातील १९९४ च्या दुरुस्तीने प्रयोगकर्त्या कलावंताच्या हक्कांना मान्यता दिली आहे. त्यामुळे मुद्रणापूर्वी कलावंताची लेखी संमती घेणे आणि त्यास प्रत देणे आवश्यक आहे.

५. मराठी, इतिहास व भौतिकशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन चार मार्गांचे एक यंत्र, दोन-तीन मायक्रोफोन व एक नोंदवही एवढ्या साधनांवर महाविद्यालयीन ध्वनिसंग्रह सुरू करणे शक्य आहे. जुन्या कॅसेटच्या अंकीकरणास त्यात अग्रक्रम द्यावा. नवे मुद्रण पुढील शिमग्यातही करता येईल. बुरशी लागलेल्या फितीला मात्र तेवढी सवड नाही.