इतिहासाची पदवी आणि हप्त्याचा हिशोब

मालवणात इतिहास म्हटलं की सगळ्यांचं बोट समुद्राकडे, किल्ल्याकडे जातं. ते बरोबरच आहे. पण पुराव्यानिशी इतिहास कसा लिहावा याचा धडा घालून देणारे रामकृष्ण गोपाळ भांडारकर याच मालवणात ६ जुलै १८३७ रोजी जन्मले, हे गावातल्याही कितीतरी जणांना ठाऊक नसतं. मला सध्या त्यांची आठवण येतेय ती वेगळ्याच कारणाने. त्यांच्या शिक्षणाला पैसे कोणी दिले?

त्याचं असं झालं, की माझ्या भाचीला इतिहासात बी.ए. करायचंय. तेही एका मोठ्या शहरातल्या खाजगी विद्यापीठात. फी आणि राहणं-खाणं धरून तीन वर्षांचे १० लाख. ते बँकेकडून घ्यायचे. आमच्या मातोश्रींचा निकाल एका वाक्यात: "इतिहास शिकान पोट भरतला काय?" भाची रुसली. माझं म्हणणं, यात प्रश्न दोन आहेत, पोटाचा आणि कर्जाचा. ते वेगळे ठेवूया.

भांडारकरांचे वडील महसूल खात्यात कारकून. १८४७ मध्ये त्यांची बदली रत्नागिरीला झाली म्हणून मुलाला इंग्रजी शाळा मिळाली. तिथून मुंबईचं एल्फिन्स्टन कॉलेज, पुढे दक्षिणा फेलोशिप. ही दक्षिणा म्हणजे पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना वाटली जायची तीच. इंग्रजांनी ती कमी करत आणली आणि काही भाग नव्या शिक्षणाकडे वळवला. थोडक्यात, सरकारी पैसा, परतफेड नाही. तो कोणाच्या वाट्याला यायचा आणि कोणाच्या कधीच नाही, हेही विसरायला नको. आणि गंमत बघा, भांडारकर पोटाला शिकवत होते संस्कृत. दख्खनच्या प्राचीन इतिहासावरचं त्यांचं पुस्तक आलं १८८४ मध्ये, नोकरीत चांगला जम बसल्यावर.

दुसरं उदाहरण बाबासाहेबांचं. त्यांचं मूळ गाव आंबडवे, म्हणजे आपल्याच कोकणातलं. १९१३ मध्ये बडोदा संस्थानने त्यांना कोलंबिया विद्यापीठात शिकायला महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, तीन वर्षांसाठी. बदल्यात करार होता, परत आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी. १९१५ मध्ये एम.ए.साठी त्यांनी लिहिलेला प्रबंध प्राचीन भारतातल्या व्यापारावर होता, म्हणजे इतिहासाचाच विषय. मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून ते बडोद्याला रुजू झाले. पण जातीमुळे राहायला जागा मिळेना, कचेरीत अपमान होई. शेवटी नोकरी सोडावी लागली. मग सिडनेहॅम कॉलेजातली प्राध्यापकी, त्यातली बचत, शाहू महाराजांची मदत, मित्र नवल भथेना यांच्याकडून उसने पैसे, आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन. करारात नोकरी लिहिलेली होती. ती नोकरी माणसाला करू देतील का, हे कुठे लिहिलं होतं?

तिसरे वि. का. राजवाडे. शिक्षकाची नोकरी सोडली आणि कागदपत्रांमागे गावोगाव फिरले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ चा, एकूण खंड २२. त्यांना ते जमलं, कारण गरजा जवळजवळ शून्य होत्या. मासिक हप्ता डोक्यावर असता तर?

आता आजचं गणित. १० लाख, १० टक्के व्याज, १० वर्षं. हप्ता येतो सुमारे १३,२०० रुपये, एकूण भरायचे जवळजवळ १५ लाख ८६ हजार. शिकत असतानाचं व्याज वेगळंच. साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभराने हप्ता सुरू होतो. पुढे शिकायचं असेल तर मुदत वाढवून मागता येते, पण व्याज थांबत नाही. आणि इतिहासात बी.ए.नंतर एम.ए., मग नेट किंवा सेट. जे.आर.एफ. मिळाली तर महिना ३७,००० (२०२३ पासूनचा दर). कायमस्वरूपी सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० पासून. पण अशा जागा थोड्या, आणि तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं काढणारे पुष्कळ. इतिहासात पैसा नाही असं नाही. तो उशिरा येतो. हप्ता मात्र वेळेवर येतो.

म्हणून मी भाचीला सांगितलं, इतिहास घे, जरूर घे, पण पहिली पदवी कर्जाशिवाय. घरी राहून जवळच्या कॉलेजात बी.ए. कर आणि जोडीला मोडी शीक. पुराभिलेख संचालनालयाचे मोडीचे वर्ग असतात. २०२३ मध्ये शिंदे समितीसाठी जुन्या दप्तरांतून कुणबी नोंदी शोधायला निघाले तेव्हा मोडी वाचणाऱ्यांचीच शोधाशोध झाली. कोकणात जमिनीचे वाद काही संपत नाहीत, आणि त्यांचे जुने कागद मोडीत. जुलै २०२५ मध्ये सिंधुदुर्ग किल्ला जागतिक वारसा यादीत गेला, तेव्हा पर्यटकांना नीट, खरा इतिहास सांगणारी माणसंही लागतीलच.

एम.ए.ला चांगल्या विद्यापीठात प्रवेश मिळाला तर कर्जाचा विचार तेव्हा करू. तेव्हा रक्कम लहान असेल आणि आपल्याला काय येतं हे तिला कळलेलं असेल. भाचीला हे अजून पटलेलं नाही. तिचं म्हणणं, चांगले शिक्षक आणि मोठं ग्रंथालय इथे घरी बसून कसं मिळणार? या प्रश्नाला माझ्याकडे पुरेसं उत्तर नाही, आणि मालवणच्या त्या कारकुनाच्या मुलालाही शेवटी मुंबई गाठावीच लागली होती. तुमच्यापैकी कोणी या वाटेने गेलं असेल तर जरूर लिहा. तिला वाचायला देईन.