प्लॅस्टिकमधील रसायने आणि माशांची अंडी : जिताडा पाळणाऱ्यांनी काय पाहावे?

पनवेल, उरण, पेण पट्ट्यात पावसाळ्यात खाडीतून जिताड्याची पिल्ले धरून तळ्यात सोडण्याची जुनी पद्धत आहे. चेन्नईच्या ‘सीबा’ संस्थेने १९९७ मध्ये जिताड्याचे कृत्रिम प्रजनन यशस्वी केल्यावर केंद्रातले बीजही मिळू लागले. बीज खाडीचे असो वा केंद्राचे, अंड्यातले पहिले काही तास सर्वांत नाजूक असतात. जिताड्याचे अंडे जेमतेम पाऊण मिलिमीटरचे. ते खाऱ्या पाण्यावर तरंगते आणि सुमारे २८ अंश सेल्सिअसला १६ ते १८ तासांत फुटते. एवढ्या वेळात हृदय, कणा, डोळे सगळे घडते.

प्लॅस्टिक मऊ राहावे म्हणून त्यात थॅलेट मिसळतात. पॉलिकार्बोनेट आणि इपॉक्सी लेपात बिस्फेनॉल-ए असते. थॅलेट प्लॅस्टिकला घट्ट जोडलेले नसल्याने उन्हाने, उष्णतेने पाण्यात झिरपते. प्लॅस्टिकचा मोठा कण अंड्याच्या कवचाबाहेरच अडतो. विरघळलेले रसायन मात्र आत शिरते. शिवाय मादीच्या चरबीत साठलेली रसायने पीतकातून थेट अंड्यात येतात.

या विषयातल्या बहुतेक चाचण्या झेब्राफिश या लहान माशावर होतात. त्याचे भ्रूण पारदर्शक असते, म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली सगळे दिसते. २०१३ च्या ओईसीडी २३६ या प्रमाणित पद्धतीत ९६ तास चार गोष्टी पाहतात: अंडे गोठणे, शरीराचे खंड न पडणे, शेपूट पीतकापासून सुटी न होणे, हृदयाचे ठोके नसणे. जास्त मात्रेला हृदयाभोवती पाणी साठते, कणा वाकतो, वाताशय फुगत नाही. असे पिल्लू पोहू शकत नाही, भक्ष्य पकडू शकत नाही. ते उपाशी मरते. बिस्फेनॉल-ए शरीरात इस्ट्रोजेनसारखे वागते. जिताडा आधी नर असतो, काही वर्षांनी मादी होतो. हा बदलही संप्रेरकांवरच चालतो.

पण प्रत्येक मरतूक प्लॅस्टिकच्या माथी मारू नये. प्रयोगशाळेतील मात्रा खाडीतल्यापेक्षा बहुधा कितीतरी जास्त असतात. ठाणे खाडी आणि पनवेल खाडीत सांडपाणी, कारखान्यांचे पाणी, प्लॅस्टिक एकत्रच येते. तळ्यावर पिल्ले मेली तर आधी विरघळलेला ऑक्सिजन, अमोनिया आणि क्षारता तपासा.

आपल्या हातात असते ते भांडे. भंगारातून स्वस्तात मिळणारे निळे ड्रम बीज ठेवायला कधीही वापरू नका. आधी त्यात कोणते रसायन होते हे सांगता येत नाही, आणि धुऊन ते पूर्ण जातही नाही. टाकी, पाइप खाद्य दर्जाचे घ्या. नवी फायबर टाकी, नवे अस्तर काही दिवस पाणी भरून ठेवा, ते पाणी दोन-तीनदा बदला, मगच अंडी सोडा. बीजाच्या पिशव्या उन्हात ठेवू नका. केंद्रातून बीज घेताना थोडी पिल्ले पांढऱ्या वाटीत घेऊन पाहा: वाकडी, तळाशी पडून राहणारी पिल्ले जास्त दिसली तर ती खेप घेऊ नका.