२३ ऑक्टोबरची सकाळ

पुण्यात औंध रस्त्यावर स्पायसर कॉलेज आहे. तिथल्या लोकांचा विश्रांतीचा दिवस रविवार नव्हे, शनिवार. लहानपणी मला त्याची गंमत वाटे. ते चालवणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या नावात ‘सातवा दिवस’ आणि ‘आगमन’ हे दोन शब्द आहेत. शनिवारचे कोडे पहिल्या शब्दाने सुटले. आगमन कोणाचे आणि कधी, हे विचारायला मात्र बरीच वर्षे गेली. तो शोध मला विल्यम मिलर नावाच्या शेतकऱ्याच्या गणितापाशी घेऊन गेला.

मिलर न्यूयॉर्क राज्यातल्या लो हॅम्प्टनचा. १८१२ साली सुरू झालेल्या युद्धात तो कॅप्टन होता. तरुणपणी त्याचा धर्मग्रंथांवर विश्वास नव्हता. युद्धानंतर तो बायबलकडे वळला आणि एकेक ओळ ताडून वाचू लागला. दानीएलाच्या पुस्तकात पवित्रस्थानाच्या शुद्धीसाठी २३०० दिवसांची मुदत सांगितली आहे. मिलरने दिवस म्हणजे वर्ष असे धरले, पवित्रस्थान म्हणजे पृथ्वी असे मानले आणि इसवी सनापूर्वी ४५७ पासून मोजायला सुरुवात केली. उत्तर आले १८४३ च्या सुमारास. ख्रिस्त परत येणार आणि जुने जग संपणार!

हे त्याने १८१८ मध्येच ताडले होते, पण लोकांसमोर बोलायला १८३१ उजाडले. पुढे बोस्टनचा धर्मोपदेशक जोशुआ हाइम्स त्याला मिळाला. वृत्तपत्रे निघाली, तंबूंत सभा भरल्या, हजारो माणसे जमू लागली. मिलरने दिलेली मुदत मार्च १८४४ मध्ये उलटली आणि काहीच घडले नाही. तेव्हा हिशेबातली एक चूक पुढे आली. इसवी सनापूर्वी १ नंतर थेट इसवी सन १ येते. मध्ये शून्य वर्ष नाही. आपल्याकडच्या वाचकाला यात गंमत वाटेल, कारण एका शून्याच्या अभावाने जगाला वर्षभराची सवलत मिळाली. ऑगस्टमध्ये सॅम्युअल स्नोने ज्यू पंचांगाच्या आधारे नेमका दिवस सांगितला: २२ ऑक्टोबर १८४४. मिलरने स्वतः ही तारीख अगदी शेवटी, ऑक्टोबरमध्ये मान्य केली.

काहींनी पिके शेतात तशीच ठेवली, काहींनी दुकाने बंद केली. पांढरे झगे घालून लोक छपरांवर चढले, ही पुढे खूप चाललेली गोष्ट मात्र पुराव्यावर टिकत नाही. हसणाऱ्यांना ती हवी होती. मलाही आधी तीच आवडली होती, हे कबूल करतो.

रात्र सरली, सूर्य रोजच्यासारखा उगवला. हायरम एडसन या शेतकऱ्याने पुढे लिहून ठेवले आहे की ते सगळे पहाटेपर्यंत रडले. त्याच सकाळी मक्याच्या शेतातून जाताना त्याला वाटले की दिवस बरोबर होता, जागा चुकली. शुद्ध व्हायचे पवित्रस्थान पृथ्वीवर नसून स्वर्गात आहे. या उलगड्यातून, आणि शनिवार पाळण्याच्या आग्रहातून, १८६३ मध्ये स्पायसरवाल्यांचा पंथ संघटित झाला.

चुकलेले भाकीत सावरण्याची ही पळवाट होती का? इतिहासाचा विद्यार्थी म्हणून ‘हो’ म्हणणे मला सोपे आहे. पण त्या सकाळी घरी परतणाऱ्यांना शेजाऱ्यांच्या दारांवरून जायचे होते. श्रद्धा टाकून दिली तर आपण नुसते मूर्ख ठरतो, हे त्यांना कळत होते. कित्येकांनी ती टाकलीही.

मिलरने एडसनचा अर्थ स्वीकारला नाही. तारीख चुकली, हे त्याने मान्य केले. येणारा येईल, हा विश्वास ठेवला. त्याच्या बॅप्टिस्ट मंडळीने त्याला बाहेर काढले. १८४८ मध्ये त्याच्या शेतावर, अजून वाट पाहणाऱ्यांसाठी, एक छोटे प्रार्थनाघर उभे राहिले. पुढच्याच वर्षी तो गेला. चार वर्षांपूर्वी जग संपेल असे मानणाऱ्या माणसाच्या शेतावरचे ते प्रार्थनाघर आजही उभे आहे.