पांढऱ्या किडीची ओळख



दोन महिने इथे काही लिहिलं नाही. धाकट्या मेव्हण्याचा फोनही येऊन गेला, "दाजी, लिहिणं सोडलंत की काय?" सोडलं नव्हतं. पण जे लिहायचं होतं ते त्यालाच सांगायचा धीर होत नव्हता. आज एकदाचं सांगून टाकतो. आयुष्यभर इतिहास शिकवला, त्यामुळे जोडीला थोडा इतिहासही येणारच. सवय जात नाही.

आमच्या अंगणात नळाजवळ एकेरी लाल जास्वंद आहे. तिची फांदी आमच्या हिने वाईच्या माहेराहून आणली, त्याला चाळीसेक वर्षं झाली. पुढे वाईचा वाडा पाडला, तिथली मूळ जास्वंद गेली. हिला जाऊनही आता चार वर्षं झाली. म्हणजे त्या घरातलं जिवंत असं हे एवढंच झाड उरलं आहे.

एप्रिलच्या उन्हात त्या जास्वंदीच्या शेंड्यांवर कापसासारखं पांढरं दिसायला लागलं. खोडावरून मुंग्यांची रांग, पानांवर चिकटा, चिकट्यावर काळी काजळी. शेंडे आखडले, कळ्या गळू लागल्या. दुकानातून एक कडक औषध आणलं आणि आठ दिवसांत दोनदा फवारलं. थोडे दिवस बरं वाटलं, मग कीड दुपटीने आली. तेव्हा साबणाच्या पाण्याचा मग आणि जुना टूथब्रश घेऊन मी स्टूल टाकून बसलो. त्या किडीत काही मोठे जीव होते, अंगावर लांब पांढऱ्या झिरमिळ्या असलेले. हे या घराण्यातले आजोबा-पणजोबा असणार, असं समजून मी आधी तेच वेचले. दोन दिवसांत चाळीस-पन्नास बुडवले.

मग कौतुकाने मगाचा फोटो एका जुन्या विद्यार्थ्याला पाठवला. तो कृषी पदवीधर आहे. लगेच त्याचा फोन आला. "सर, ते मोठे मारू नका. ती कीड नव्हे, कीड खाणाऱ्या ढालकिड्याच्या अळ्या आहेत."

मी गप्प बसलो. पस्तीस वर्षं मुलांना सांगत आलो की मित्र कोण आणि शत्रू कोण हे न ओळखल्यामुळे राज्यं गेली.

जास्वंदीवरची ती पांढरी कीड म्हणजे मिलीबग, आपल्याकडे तिला पिठ्या ढेकूण म्हणतात. आणि तिला खाणाऱ्या ज्या अळ्या मी बुडवल्या, त्या क्रिप्टोलेमस नावाच्या ढालकिड्याच्या. हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा. १८९८ साली त्याला दक्षिण भारतात आणलं ते कॉफीवरच्या हिरव्या खवलेकिडीसाठी. तिथे त्याचं फारसं जमलं नाही, पण पिठ्या ढेकणांवर तो चांगला पोसला आणि इथलाच झाला. त्याची अळी अंगावर पांढरं मेण वागवते आणि दिसायला थेट आपल्या भक्ष्यासारखीच असते. मी फसलो तो इथे.

पण माझ्यापेक्षा मोठी माणसंही फसली आहेत. किरमिजी रंग आपण म्हणतो, त्यातला किरमिज म्हणजे मुळात रंग देणारा किडाच. अमेरिकेत असा उत्तम किडा फड्या निवडुंगावर वाढतो, त्याला कोचिनियल म्हणतात. मेक्सिकोतला त्याचा व्यापार स्पेनच्या हाती होता आणि ईस्ट इंडिया कंपनीला तो हवा होता. मद्रासचे डॉक्टर जेम्स अँडरसन यांना १७८६ च्या सुमारास गवतावर किडे सापडले आणि त्यांना वाटलं, हाच तो कोचिनियल. तो नव्हता. पुढे १७९५ साली कॅप्टन नीलसन याने ब्राझीलमधल्या रिओहून किडे कलकत्त्याला आणले. तेही खरे कोचिनियल नव्हते, त्यांचे जंगली भाऊबंद होते. रंग हलका निघाला आणि धंदा बसला. पण त्या किड्यांनी उत्तरेकडचा एका जातीचा रानटी फड्या निवडुंग खाऊन साफ केला. ते पाहून १८३६ ते १८३८ च्या दरम्यान तोच किडा मुद्दाम दक्षिणेत नेला आणि तिथेही निवडुंग हटला. किडा सोडून तण हटवण्याचं जगातलं हे पहिलं मोठं उदाहरण मानतात. निघालं ते चुकीच्या ओळखीतून!

यात आणखी एक गोष्ट आहे. फड्या निवडुंगाच्या दुसऱ्या जातींना त्या किड्याने तोंडही लावलं नाही. त्यांच्यासाठी १९२६ साली श्रीलंकेतून कोचिनियलचीच वेगळी जात आणावी लागली. आमचे आजोबा सांगत, त्यांच्या तरुणपणी गावाभोवती फड्याचं कुंपण होतं, मग त्यावर "पांढरा रोग" पडला आणि ते बसलं. तो रोग कुठून आला असेल हे मला या वयात कळलं. पिठ्या ढेकूण हे या कोचिनियलचे दूरचे नातेवाईकच.

अगदी अलीकडची गोष्टही तशीच. २००८ मध्ये कोइमतूरकडे पपईवर मेक्सिकोकडचा एक पिठ्या ढेकूण आढळला. पपई, तुती, टॅपिओका सगळ्यांची त्याने दैना केली, जास्वंदही सोडली नाही. औषधं मारून तो हटेना, कारण अंगावरचं मेण औषध आत जाऊ देत नाही आणि औषधाने मरतात ते त्याचे शत्रू. आधी त्याची नेमकी ओळख पटवली, मग त्याच्याच मुलखातला शत्रू शोधला. २०१० मध्ये प्वेर्टो रिकोहून एक मिलिमीटरपेक्षाही लहान गांधीलमाशी मागवून बंगळूरच्या संस्थेने ती वाढवली आणि सोडली. ही माशी किडीच्या अंगात अंडी घालते. थोड्याच काळात कीड आटोक्यात आली.

तर मंडळी, घरच्या झाडावर पांढरं दिसलं तर आधी भिंग घ्या. काडीने हळूच हलवा. पिठ्या ढेकूण जागचा फारसा हलत नाही, ढालकिड्याची अळी लगबगीने चालू लागते आणि आकारानेही बरीच मोठी असते. कीड भरलेले शेंडे छाटून पिशवीत बांधून टाका. उरलेल्यावर पाण्याचा जोरदार फवारा मारा. मुंग्यांचा बंदोबस्त करा, कारण चिकट्याच्या लोभाने त्या किडीची राखण करतात. कडक औषधाची घाई करू नका. मी केली.

जास्वंद मला गुडघ्याएवढी छाटावी लागली. महिनाभर नुसते सोट उभे होते, मेव्हण्याला फोटो पाठवायची हिंमत झाली नाही. जूनच्या पावसानंतर डोळे फुटले. परवा पानामागे दोन झिरमिळीवाल्या अळ्या दिसल्या, त्यांना मी हातही लावला नाही. छाटलेल्यातल्या निरोगी फांद्या कुंड्यांत खोचल्या होत्या, त्यांतल्या तीन जगल्या.

बाळासाहेब, एक कुंडी तुमची. गणपतीला याल तेव्हा घेऊन जा. मुळात ती तुमच्याच घरची.

लोभ असावा.