ऊर्जेचे स्थलांतर आणि साहित्याची स्मृती

भारतातील ऊर्जासंक्रमणाची चर्चा बहुधा २०२१ च्या ग्लासगो परिषदेपासून सुरू होते. २०७० पर्यंत निव्वळ शून्य कार्बन उत्सर्जन गाठण्याचे उद्दिष्ट भारताने तेथे जाहीर केले. तथापि कोळशाकडून अन्य ऊर्जास्रोताकडे वळण्याचा एक मोठा प्रयोग त्यापूर्वी शंभर वर्षे मुंबईत झाला होता. त्याचा इतिहास साहित्याच्या साक्षीने वाचला, तर निसर्गसंपत्तीवरील अवलंबित्व अशा संक्रमणात संपत नाही, त्याचे केवळ स्थलांतर होते, असे दिसून येते. प्रस्तुत निबंधाचे हेच प्रतिपाद्य आहे.

मुंबईच्या कापडगिरण्या कोळशावर चालत. पण राणीगंज-झरियाच्या खाणी दूर पूर्वेला होत्या आणि वाहतुकीमुळे कोळसा महाग पडे. शहरातील धुराची समस्या इतकी वाढली होती, की १९१२ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये, भिवपुरीचे १९२२ मध्ये आणि भिऱ्याचे १९२७ मध्ये सुरू झाले. यामागे हवामानाची चिंता नव्हती, हिशेब खर्चाचा होता. परिणाम मात्र आजच्या परिभाषेत ‘स्वच्छ ऊर्जे’चाच होता.

या स्वच्छतेचे मोल मावळाने दिले. भिऱ्याच्या केंद्रासाठी मुळा-नीळा संगमाजवळ धरण बांधण्याचे ठरले आणि पूर्वेकडे वाहणारे पाणी सह्याद्रीवरून कोकणात उतरवण्यात आले. १८९४ च्या भूसंपादन कायद्याच्या बळावर भातशेतीच्या जमिनी घेतल्या गेल्या. १६ एप्रिल १९२१ रोजी मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ म्हणून ओळखले जाऊ लागले ते याच लढ्यातून. १९२४ पर्यंत लढा ओसरला आणि धरण झाले.

याच दशकात बंगालीत शैलजानंद मुखोपाध्याय कोळसाखाणीतील संथाळ व बाउरी मजुरांच्या कथा लिहीत होते. झरियाच्या भूगर्भातील आगीची पहिली नोंद १९१६ ची आहे, आणि ती आग आजही पूर्णपणे विझलेली नाही. २७ डिसेंबर १९७५ रोजी चासनाला येथील खाणीत पाणी शिरून ३७५ कामगार मृत्युमुखी पडले. या दुर्घटनेच्या आधारे संजीव यांनी ‘सावधान! नीचे आग है’ ही हिंदी कादंबरी लिहिली. शीर्षक आगीचे, मरण पाण्याचे, ही विसंगती खाणप्रदेशाचे वास्तव नेमके टिपते. मराठीत विश्वास पाटील यांच्या ‘झाडाझडती’ने (१९९१) धरणग्रस्तांची परवड कादंबरीच्या केंद्रस्थानी आणली.

बंगाली-हिंदी परंपरेत माणूस पोटासाठी जमिनीखाली उतरतो. मराठी परंपरेत जमीनच माणसाच्या पायाखालून निघून पाण्याखाली जाते. या दोन परंपरांची चर्चा एक ‘श्रमिक साहित्य’ व दुसरी ‘विस्थापितांचे साहित्य’ अशा वेगवेगळ्या शीर्षकांखाली होत राहिली. वस्तुतः त्या एकाच ऊर्जा-इतिहासाच्या दोन बाजू आहेत.

हे आज अधोरेखित करणे आवश्यक आहे. २०२४-२५ मध्ये भारताचे कोळसा उत्पादन १०० कोटी टनांपलीकडे गेले. देशातील विजेचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कोळशापासून मिळतो. झारखंडसारख्या राज्याचा महसूल आणि असंख्य कुटुंबांची चूल खाणीवर अवलंबून आहे. न्याय्य संक्रमणाचा विचार करण्यासाठी त्या राज्याने २०२२ मध्ये कृतिदल नेमले. खाणीसाठी ज्यांची जमीन एकदा गेली, त्यांचा रोजगार खाण बंद होताना जाईल. हे त्यांचे दुसरे विस्थापन ठरेल. दुसरीकडे सौरऊर्जेला पूरक अशा उदंचन जलविद्युत प्रकल्पांसाठी २०२३ मध्ये महाराष्ट्र शासन व टाटा पॉवर यांच्यात २८०० मेगावॅटचा सामंजस्य करार झाला. त्यातील एक स्थळ पुन्हा भिवपुरी हेच आहे.

एक टन कार्बन पूर्ण जळाला, की सुमारे ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड तयार होतो. हे गणित अचूक मांडता येते आणि ते मांडलेच पाहिजे. उत्सर्जन घटवण्याच्या निकडीविषयी दुमत नाही. परंतु कोणाच्या जमिनीवर आणि कोणाच्या श्रमावर ते घटते, याचा तपशील त्या गणितात येत नाही. तो बंगाली, हिंदी आणि मराठी लेखनात विखुरलेला आहे. तौलनिक अभ्यासाने तो एकत्र वाचला नाही, तर झरियाचे उद्याचे प्रश्न मुळशीच्या कालच्या प्रश्नांइतकेच उशिरा ऐकले जातील.